बारा महिने हीच हवा

४ मार्च

चिमे,

पत्र मोठं आहे, तेव्हा हातातलं काम आटोपून बस. अक्षर वेडंवाकडं दिसलं तर घाबरू नकोस, मांडीवर फळी ठेवून लिहितोय आणि फळी घसरते. पाकिटावरचा पत्ता नेहमीप्रमाणे तुझी वहिनीच लिहील. भिंती रंगवणाऱ्याचं अक्षर पोस्टमनला लागत नाही, असं तिचं लग्नापासूनचं मत आहे.

डॉक्टरांनी शेवटी तोंड उघडलं. छाती पार गेली म्हणतात. पस्तीस वर्षं लोकांच्या भिंती खरवडल्या. त्यातली निम्मी भुकटी जमिनीवर पडली आणि निम्मी मी घरी घेऊन आलो. मी म्हटलं, "म्हणजे आतून रंगाचे दोन हात बसले म्हणा की." डॉक्टर हसले नाहीत. वहिनीही नाही.

आता म्हणे औषधापेक्षा हवा महत्त्वाची. दमट नको, उकाडा नको, कडाका नको, धूळ तर नकोच. बारा महिने एकसारखी हवा असेल अशा गावी जाऊन राहा. मी विचारलं, असं गाव नकाशात असतं की गोष्टीत? ते म्हणाले, शोधा. घरी आल्यावर वहिनीने कपाटावरचा पत्र्याचा डबा काढला आणि माझ्यासमोर आदळला. "शोधायचं कशाला? वन्संचं गाव काय वाईट आहे?"

मग तीन दुपारी बसून तिने तुझी एकोणीस वर्षांची पत्रं मोठ्याने वाचली. 'आजही हलके ढग आहेत, ऊन लागत नाही.' 'धुतलेले कपडे दुपारपर्यंत खडखडीत वाळतात.' 'स्वेटर काढला नाही आणि पंखाही लावला नाही.' तुझ्या नवऱ्याबद्दल, मुकादमांबद्दल एक ओळ नाही, तुझ्याबद्दल अर्धी, बाकी सगळी हवा. वहिनी म्हणाली, वन्संनी संसार केला की हवामानखात्यात नोकरी?

तुला मागच्या पायऱ्या आठवतात का? आई कामावरून येईपर्यंत आपण तिथे बसून भांडायचो, वर्षभर एकच हवा ठेवायची तर कुठली. मी नेहमी म्हणायचो, पातळ ढग, कोरडी झुळूक, सावली पडेल न पडेल इतकाच उजेड. पुढे रंगारी झालो तेव्हा कळलं की मीच बरोबर होतो. कडक उन्हात रंगाला फोड येतात, ओलीत तो वाळत नाही. पण त्या हवेत भिंतीवर रंग असा बसतो की ब्रशचा सांधा शोधून सापडत नाही. माणसाचंही तसंच असावं. तू मात्र दाट धुकं मागायचीस, कुणी हाक मारली तरी सापडायला नको म्हणून. आई यायची आणि म्हणायची, "बारा महिने एकच हवा असती तर माणसं एकमेकांशी बोलली काय असती?"

तर माझी हवा तुझ्या गावात आहे, असं दिसतं. एक खाट मावेल एवढी जागा दे. मुकादम माझे जुने दोस्त, ते नाही म्हणणार नाहीत. आम्ही आलो तर वहिनी तुझं स्वयंपाकघर ताब्यात घेईल, तेवढी तयारी ठेव.

दादा

१९ मार्च

ती. दादा,

तुझं पत्र पोचलं. तब्येतीचं वाचून जीव थोडा थोडा झाला. औषधं वेळेवर घे, वहिनीला उलट बोलू नकोस.

इकडे सगळं छान आहे. हवाही छान. आज सकाळी पातळ ढग होते, अगदी तुला आवडतात तसे. तू यावंस असं कुणाला वाटणार नाही? पण प्रवास दोन दिवसांचा, मध्ये दोनदा गाडी बदलावी लागते, आणि स्टेशनपासून घरापर्यंत सगळा चढ. खोली तशी एकच आहे. हे म्हणतात, आजारी माणसाची आबाळ होईल. यांचं काम आता रात्रपाळीचं असतं, दिवसा झोप लागते, खोकल्याने मोडेल असं यांना वाटतं. वाईट वाटून घेऊ नकोस, ते तुझ्या काळजीनेच म्हणतात.

मी अजून इस्पितळाच्या लॉन्ड्रीतच आहे, वाळवणीच्या खोलीत. तिथे मोठी यंत्रं आहेत, उबेला बरं वाटतं. घरी परतताना कोट जरा ओला होतो, तो सकाळपर्यंत तसाच असतो, पण ते काही विशेष नाही.

तुमच्याकडेच एखादं बरं गाव बघितलंत तर? दुरून डोंगर साजरे, असं आई म्हणायची. तू हसशील, पण ती बहुतेक वेळा बरोबर असायची.

तुझी,
चिमी

२ एप्रिल

चिमे,

एकोणीस वर्षं हवेचं कौतुक करायचं आणि पाहुणा येतो म्हटल्यावर चढ आठवायचा! मी पन्नास फूट शिडीवर चढलेला माणूस आहे.

थट्टा राहू दे. आता मला आडवं झोपता येत नाही. तीन उश्यांना टेकून बसतो आणि वहिनी समोर बसून माझे श्वास मोजते. मी डोळे मिटले की तिला वाटतं गेला. समोरच्या रस्त्यावर खोदकाम चाललंय, खिडकी लावली तर कोंडतं, उघडली तर धूळ. डॉक्टर म्हणतात, हवा बदलायची तर आत्ताच, पुढच्या महिन्यात प्रवास झेपणार नाही. मुकादमांच्या झोपेचं मी बघतो, उशीत तोंड खुपसून खोकेन.

तुझ्या पत्रात 'ये' हा शब्द कुठे नाही. दोनदा शोधला. चिमे, एक ओळ लिही. ये, किंवा येऊ नकोस. मला दुसरं काही नको.

दादा

१४ एप्रिल

दादा,

येऊ नकोस.

हे पत्र मी लॉन्ड्रीत बसून लिहिते आहे. आमच्याकडे चादरी मोजणारी बाई आहे, सगळे तिला मोजणीवाली म्हणतात. ती हे पोस्टात टाकणार आहे. घरच्या पत्रांसारखं हे पत्र यांच्या हातून जाणार नाही, म्हणून खरं लिहिता येतं.

इथली हवा छान नाही. कधीच नव्हती. वर्षातले आठ महिने पाण्यावरून धुकं येतं आणि घरात शिरून बसतं. भिंतींना पाणी सुटतं. काडेपेटीतल्या दहा काड्या घासाव्या तेव्हा एक पेटते. कपाटातल्या चपलांवर हिरवी बुरशी येते, ती मी दर रविवारी पुसते. उरलेले चार महिने असा वारा सुटतो की दार धरून उभं राहावं लागतं. तुझ्यासारख्या छातीचा माणूस इथे महिनाभर काढणार नाही. मी पाहिलं आहे, दादा. माझी छोटी तापाने गेली असं मी तुला लिहिलं होतं. ती ओलीने गेली. तिची खाट मी रोज भिंतीपासून हातभर ओढायची, पण खोलीला चारही बाजूंनी भिंतीच होत्या. चार वर्षांची पोर म्हाताऱ्या माणसासारखी खोकायची. दुसऱ्या गावी नेऊ या, असं मी यांना म्हटलं. हे म्हणाले, पोरं खोकतातच.

मग हे सगळं का लिहिलं, असं तू विचारशील. इथे आले त्या आठवड्यात मी तुला चार पानी पत्र लिहिलं होतं. यांनी ते पूर्ण वाचलं. ओरडले नाहीत, हातही उगारला नाही. शांतपणे घडी करून फाडलं आणि म्हणाले, "तिकडे उगाच काळजी करतील. हवापाण्याचं लिही." तेव्हापासून प्रत्येक पत्र आधी हे वाचतात आणि मग स्वतः पोस्टात टाकतात. तुझी पत्रंही आधी हेच फोडतात. बोलत मात्र नाहीत. कधीकधी तीन-तीन आठवडे घरात एक शब्द नसतो. मी शेजारी कुणाकडे गेले तर हे दार आतून लावून घेतात आणि मी पायरीवर बसते. मारत नाहीत, त्यामुळे कुणाला काही सांगता येत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, इथे बुक्कीसुद्धा दिसत नाही.

म्हणून हवेचं लिहिलं. खरी हवा लिहिली असती तर तू प्रश्न विचारले असतेस. मग कुठली लिहायची? मी तुझीच लिहिली, दादा. पायऱ्यांवरची. पातळ ढग आणि कोरडी झुळूक. मला दुसरी कुठली चांगली हवा ठाऊकच नव्हती. मला माझी मिळाली आहे. इतकं धुकं की कुणाला सापडत नाही.

लग्न ठरताना तू यांच्याबद्दल 'माणूस सरळ आहे' म्हणाला होतास. तू वाईट वाटून घेशील म्हणूनही लिहिलं नाही. आता तुझा जीव माझ्या खोटेपणावर टेकलाय म्हणून लिहिते.

उत्तर घरी पाठवू नकोस. खालचा पत्ता लॉन्ड्रीचा आहे, मोजणीवालीच्या नावाने टाक.

चिमी

२५ एप्रिल

चिमे,

मला ठाऊक होतं.

हे लिहायला चार दिवस लागले, एका दमात दोन ओळींच्या वर होत नाही, म्हणून सरळ सांगतो. रंगाऱ्याला ओल कळते गं. दुसऱ्या खोलीतली ओल मी दारातून सांगू शकतो. तुझं पहिलं पाकीट आलं तेव्हाच त्याची कड आपोआप चिकटलेली होती, शाई फुटलेली होती. पुढे तिकिटांच्या मागे काळे ठिपके येऊ लागले. पत्र उघडलं की बंद घराचा वास यायचा. जिथे कपडे दुपारपर्यंत खडखडीत वाळतात तिथून असा कागद येत नाही. मला पहिल्या वर्षीच कळलं की हवा खोटी आहे. हवा खोटी म्हणजे बाकीचंही काही खरं नसणार, हेही कळलं.

आणि मी कानाडोळा केला. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. सांगितलं असतंस तर यावं लागलं असतं. आलो असतो तर तुला घेऊन परतावं लागलं असतं, आणि ज्या माणसाला मी सरळ म्हटलं त्याच्यापुढे उभं राहावं लागलं असतं. त्यापेक्षा झाकली मूठ बरी वाटली. छोटी गेल्याचं पत्र आलं, त्यातही खाली तू लिहिलं होतंस, हवा छान आहे. त्या ओळीवर बोट ठेवून मी बराच वेळ बसलो होतो. मग पत्र डब्यात टाकलं आणि कामाला गेलो. त्या दिवशी एका शाळेची भिंत रंगवली, हिरवी.

मग आता खोली कशाला मागितली? तेही सांगतो. वहिनी तीन दुपारी वाचत होती आणि तिसऱ्या दुपारी माझाच त्यावर विश्वास बसला. श्वास पुरेना की माणसाला काहीही खरं वाटतं.

माझं सोड. मी आता कुठे जात नाही. तू ये. मोठी बॅग घेऊ नकोस. मे महिन्याच्या आठ तारखेला सकाळी कामाला निघतेस तशीच नीघ, कोट आणि डबा घेऊन, आणि लॉन्ड्रीकडे वळायच्या ऐवजी स्टेशनकडे वळ. दहा तारखेला इथे उतरशील. वहिनी फाटकापाशी उभी असेल. आली नाहीस तर अकरालाही उभी राहील आणि बारालाही. इथे खोली रिकामी आहे, कोरडी आहे, भिंती मी स्वतः केलेल्या आहेत.

तुझ्यासमोर एकदा तोंडाने म्हणायचं आहे की चूक माझी. तेवढ्यासाठी मी थांबतो.

दादा

१६ मे

ती. दादा,

तुझं पंचवीस तारखेचं पत्र मिळालं. यांनीच आणून दिलं आणि वाचूनही दाखवलं.

मी लॉन्ड्रीतलं काम सोडलं आहे. हे म्हणतात, आता या वयात दगदग नको, घरीच बरं. तेही खरंच आहे. मोजणीवालीलाही हे भेटून आले. आता तिकडे कुणाला पत्र पाठवू नये.

प्रवासाचं काही जमेलसं दिसत नाही. तू तब्येतीला जप.

इथली हवा छान आहे. पातळ ढग असतात, ऊन लागत नाही, कपडे दुपारपर्यंत वाळतात.

चिमी

११ जून

वन्सं,

तुमचे दादा गेले. मंगळवारी, दुपारी चारच्या सुमारास. मी जवळ होते.

मला गोडगोड लिहिता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. आधी माझं सांगते. ते पंचवीस तारखेचं पत्र वाचून मी इतकी रडले की मला पुढचं दिसत नव्हतं. पाकिटावर पत्ता लिहायला घेतला आणि एकोणीस वर्षं लिहिला तोच हाताने लिहिला. दादांनी मला दोनदा बजावलं होतं, लॉन्ड्रीचा लिही. मी हो म्हणाले आणि घरचा लिहिला. पोस्टात टाकतानाही लक्षात आलं नाही.

दहा तारखेला स्टेशनवर उभी राहिले. अकराला आणि बारालाही. प्रत्येक गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येक बाईचा कोट बघितला. मग तुमचं पत्र आलं. 'पंचवीस तारखेचं पत्र यांनीच आणून दिलं' ही ओळ वाचली आणि मी पाकिटावर कुठला पत्ता लिहिला होता ते मला आठवलं. दादांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "हवा छान आहे म्हणतेय."

शेवटच्या आठवड्यात एकदा म्हणाले, मी जाईन त्या दिवशी कशी हवा होती ते चिमीला खरं लिही. तर लिहिते. रस्त्याचं खोदकाम शनिवारीच संपलं होतं, धूळ नव्हती. मंगळवारी सकाळपासून पातळ ढग होते. कोरडी झुळूक येत होती, सावली पडेल न पडेल इतका उजेड होता. मी दोन्ही खिडक्या सताड उघडल्या, दारही उघडलं. त्यांना जशी बारा महिने हवी होती तशीच होती हो, तंतोतंत. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते आणि घरभर हवा खेळत होती. त्यांना ती आत घेता येत नव्हती.

भावोजी, हे पत्र तुम्ही आधी वाचणार, म्हणून तुम्हालाही दोन शब्द. तुमची झोप मोडेल असा खोकला आता नाही. ज्याने तुम्हाला सरळ माणूस म्हटलं तो गेला. त्याच्या बहिणीला एकदा, फक्त आठ दिवस, इकडे पाठवा. मी तुमचं नाव कुणापुढे काढणार नाही. मी कधी कुणापुढे हात पसरलेले नाहीत, तुमच्यापुढे पसरते. मी रोज दुपारची गाडी बघत जाईन.

तुमची,
वहिनी

३० जून

ती. वहिनी,

पत्र पोचलं. वाचून फार वाईट वाटलं. दादा सुटला, असं हे म्हणतात.

स्टेशनवर जाऊन उभं राहू नये. उन्हातान्हात तब्येत बिघडेल.

इकडे सर्व ठीक आहे. हवा छान आहे. पातळ ढग, कोरडी झुळूक. बारा महिने हीच हवा असते.

चिमी